वायरलेसवर मेडे कसा द्यायचा: तांडेल आणि खलाशी, दोघांसाठी

बोटीवर संकट आलं की पहिला हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, मालकाला फोन, मालकाचा मच्छीमार सोसायटीला, सोसायटीचा आणखी कुणाला. या साखळीत वेळ जातो आणि दर टप्प्यावर जागेचे आकडे थोडे थोडे बदलतात. शिवाय मोबाइलवर ऐकणारा एकच. मरीन व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर मात्र टप्प्यातले सगळे एकदम ऐकतात: शेजारी जाळं ओढणारा ट्रॉलर, मुंबई-कोची वाटेवरचं मालवाहू जहाज आणि किनाऱ्यावरचं कोस्ट गार्ड. तीन मैलांवरचा ट्रॉलर तुमच्या मालकाला फोन करून विचारत बसत नाही, तो थेट सुकाणू फिरवतो.

म्हणून क्रम असा: आधी वायरलेस, लगेच डॅट (उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र), मग रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ हा फोन नंबर. बोटीवर हात मोकळे असतील तर तिन्ही एकदम, पण तिघांनी वेगवेगळं करायचं.

इथे वायरलेस म्हणजे केबिनमध्ये बसवलेला २५ वॉटचा मरीन व्हीएचएफ सेट. स्वस्तातल्या वॉकीटॉकीवर हवी ती फ्रिक्वेन्सी टाकून गप्पा मारणारे बरेच आहेत. त्यावर तुमचे सोबती ऐकतील, पण कोस्ट गार्ड ऐकत असेल अशी आशा ठेवू नका.

मेडे की पॅन-पॅन

मेडे म्हणजे वायरलेसवरची संकटाची हाक. तो द्यायचा जिवाला किंवा बोटीला आत्ता, गंभीर धोका असेल तेव्हाच. बोटीत पाणी भरतंय आणि पंप पुरा पडत नाही. केबिनला किंवा इंजिनला आग लागली आहे. माणूस पाण्यात पडलाय आणि दिसत नाही. बोट कलंडली आहे.

पॅन-पॅन म्हणजे मदत हवी आहे, पण जीव आत्ता जात नाही. पंख्यात जाळं अडकलं, इंजिन बंद, समुद्र शांत, खडक लांब: पॅन-पॅन. तेच इंजिन वेंगुर्ल्याच्या बर्न्ट आयलंड्सच्या वाऱ्यावरच्या बाजूला बंद पडलं आणि बोट खडकांकडे वाहत चालली, नांगर धरत नाही: मेडे. बिघाड एकच आहे, फरक जागेचा आणि वाऱ्याचा.

शंका असेल तर मेडे द्या. धोका टळल्यावर तो मागे घेता येतो, त्याबद्दल कुणी रागावत नाही. उलट बरेच तांडेल 'जरा बघू, पंपाने निघेल पाणी' म्हणत अर्धा तास घालवतात, आणि तोवर बॅटरी पाण्याखाली जाते. बॅटरी गेली की सेट गेला. तळातलं पाणी बॅटरीपर्यंत चढायच्या आत बोलायचं.

लाल बटण

सेटवर डीएससी, म्हणजे एका बटणाने डिजिटल संकट-संदेश पाठवायची सोय, असेल तर एका झाकणाखाली लाल बटण असतं, 'डिस्ट्रेस' लिहिलेलं. झाकण उचला, बटण दाबा आणि धरून ठेवा. साधारण पाच सेकंद. सेट बीप करत उलटी मोजणी दाखवतो. मोजणी संपण्याआधी बोट उचललं तर काहीच जात नाही, आणि घाबरलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं. संदेश सुटल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत सोडायचं नाही.

दोन मिनिटं हातात असतील तर आधी मेनूमधून संकटाचा प्रकार निवडा: आग, पाणी भरणं, टक्कर, बुडणं, माणूस पाण्यात. वेळ नसेल तर त्या भानगडीत पडू नका, नुसतं बटण दाबा.

बटण दाबल्यावर चॅनेल ७० वरून एक छोटा डिजिटल संदेश जातो. त्यात बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर (वायरलेसवरची बोटीची ओळख), जीपीएस जोडलेला असेल तर जागा आणि वेळ. टप्प्यातल्या डीएससी सेटवर मोठा अलार्म वाजतो. मोठ्या जहाजांवर चॅनेल ७० सतत ऐकलं जातं, तुमच्या शेजारच्या लहान बोटीवर बहुधा नाही. म्हणून बटण दाबून गप्प बसायचं नाही. साधारण पंधरा सेकंद थांबा, सेट आपणहून चॅनेल १६ वर येतो, आला नाही तर आणा, आणि बोलायला लागा. उत्तर येईपर्यंत सेट तो डिजिटल संदेश दर चार मिनिटांच्या आसपास स्वतःच पुन्हा पाठवत राहतो, म्हणून सेट बंद करू नका.

बोलायचं काय

आधी चॅनेल १६ आहे का ते बघा. मग पॉवर: बहुतेक सेटवर २५ वॉट आणि १ वॉट यांत अदलाबदल करणारं बटण असतं. बंदरात जवळच्या जवळ बोलायला कुणीतरी १ वॉटवर टाकलेलं असतं आणि तसंच राहतं. स्क्रीनवर 'हाय' दिसलं पाहिजे. माइक तोंडापासून चार बोटं लांब, किंचित आडवा. वारा जोरात असेल तर पाठ वाऱ्याकडे करा. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलताना बटण दाबलेलं, ऐकताना सोडलेलं. बटण दाबून ठेवलं तर तुम्हाला उत्तर ऐकू येणार नाही आणि बाकी कुणाला बोलताही येणार नाही.

मग हे, याच क्रमाने:

मेडे, मेडे, मेडे.
धिस इज फिशिंग बोट दर्यासारंग, दर्यासारंग, दर्यासारंग.
एमएमएसआय फोर वन नाइन, पुढचे सहा आकडे.
मेडे दर्यासारंग.
पोझिशन वन सेव्हन डिग्रीज, वन एट पॉइंट फाइव्ह मिनिट्स नॉर्थ. झीरो सेव्हन टू डिग्रीज, फाइव्ह झीरो पॉइंट टू मिनिट्स ईस्ट.
टू झीरो माइल्स वेस्ट ऑफ जयगड लाइटहाउस.
टेकिंग वॉटर, इंजिन स्टॉप्ड, सिंकिंग.
नीड इमिजिएट हेल्प.
सेव्हन पर्सन्स ऑन बोर्ड. ऑल वेअरिंग लाइफ जॅकेट्स.
ओव्हर.

इंग्रजीत का? कोस्ट गार्डला हिंदी चालतं, पण सर्वांत जवळ असलेलं जहाज कुठल्या देशाचं असेल ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि शेजारचा ट्रॉलर कर्नाटकातल्या मालप्याचा किंवा केरळचाही असू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळच्या कितीतरी बोटी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. या समुद्रात मराठी न समजणारा कान नेहमीच जवळ असतो. एकदा इंग्रजीत सांगून झालं की तेच हिंदीत सांगा. व्याकरणाची काळजी नको: 'मेडे', नाव, आकडे, 'सिंकिंग', माणसं किती, एवढं कळलं तरी बचाव सुरू होतो.

मेडे या शब्दाचा मे महिन्याशी काही संबंध नाही, फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' वरून तो आला. तीनदा का म्हणायचा याला मात्र कारण आहे. खरखरीत एखादा गळला तरी उरलेले दोन पोचतात, आणि ऐकणाऱ्याला कागद-पेन्सिल घ्यायला दोन सेकंद मिळतात. बोटीचं नावही म्हणूनच तीनदा. एकाच बंदरात चार-पाच 'महालक्ष्मी' सापडतात, तेव्हा नुसत्या नावावर भागत नाही. एमएमएसआय नसेल तर आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक एकेक आकडा सुटा करून सांगा.

सगळं एका दमात सांगायचा मोह होतो. सांगू नका. समोरचा लिहून घेतोय, त्याच्या हाताच्या वेगाने बोला. वरचा सगळा मजकूर सावकाश म्हटला तरी मिनिटभरात संपतो. पण वेळ खरोखरच नसेल, बोट पायाखालून जात असेल, तर मेडे, नाव, जागा. एवढंच. 'का' नंतर सांगता येतं, 'कुठे' सांगायचं राहिलं तर बाकी सगळं वाया.

जागा सांगताना होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं थांबून बघू.

आपल्याकडे सोबत्याला सांगताना 'वीस वावात आहे' म्हणायची सवय आहे (वाव हे पाण्याच्या खोलीचं माप). त्याला ते पुरतं, कारण तुम्ही कुठल्या बंदरातून कुठल्या दिशेला निघालात हे त्याला माहीत असतं. कोस्ट गार्डला ते काहीच सांगत नाही. वीस वावाची रेघ डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत जाते. खोली सांगा, पण सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक जीपीएसच्या आकड्यांची. एकच जागा तीन पद्धतींनी दिसू शकते. वरच्या उदाहरणातला अक्षांश घ्या. अंश आणि दशांश मिनिटं: १७ अंश १८.५० मिनिटं. नुसते दशांश अंश: १७.३०८३. अंश, मिनिटं, सेकंद: १७ अंश १८ मिनिटं ३० सेकंद. तिन्ही एकच. आता जीपीएसवर १७.३०८३ दिसतंय आणि कुणी ते '१७ अंश ३०.८३ मिनिटं' असं वाचलं, तर बोट १२ नॉटिकल मैल उत्तरेला सरकली. म्हणजे जवळजवळ २३ किलोमीटर. शोधणारी बोट चुकीच्या जागी गोल गोल फिरत राहणार. १८.५० ला '१८ मिनिटं ५० सेकंद' वाचलं तर चूक लहान, सहाशे मीटरच्या आसपास, पण रात्री लाटांत पाण्यातलं डोकं सहाशे मीटरवरून दिसत नाही.

उपाय सोपा आहे. जीपीएसच्या सेटिंगमध्ये एकदाच अंश आणि दशांश मिनिटं ही पद्धत निवडा, वायरलेसवर तीच ठेवा, आणि बोलताना 'डिग्रीज', 'पॉइंट', 'मिनिट्स' हे शब्द गाळू नका. आकडे नेहमी सुटे. मराठीत किंवा हिंदीत सांगतानाही 'अठरा' म्हणू नका, 'एक, आठ' म्हणा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत वायरलेसच्या खरखरीत काही फरक राहत नाही.

दीपगृहापासूनचं अंतर सांगताना दिशा त्या खुणेपासून तुमच्याकडे. 'जयगडच्या पश्चिमेला २० मैल' म्हणजे तुम्ही पश्चिमेला आहात. 'जयगड माझ्या पूर्वेला' असं उलटं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ. खूण निवडताना नकाशावर असलेलीच घ्या: जयगड, रत्नागिरी, देवगडची दीपगृहं, तोळकेश्वर, कोर्लई. आपल्या गावच्या देवळाचा कळस तुम्हाला दिसतो, नकाशावर तो असेलच असं नाही.

आवाज किती लांब जातो

व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत चालतो, त्यामुळे वॉटपेक्षा उंची मोलाची. अंदाजाचं गणित: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, दोन्ही टोकांची बेरीज करा. उत्तर नॉटिकल मैलांत. तुमची अँटेना पाण्यापासून ६ मीटरवर असेल तर तुमच्या बाजूचे ५.४. समोर तशीच बोट असेल तर एकूण ११ मैलांच्या आसपास. समोर सड्यावर १०० मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्यांचे २२ आणि तुमचे ५.४, म्हणजे २७. हातातला सेट पाण्यापासून २ मीटरवर धरला तर तुमच्या बाजूचे फक्त ३.

याचा अर्थ, ४० मैल आत असाल तर किनारा थेट ऐकेल हे धरून चालू नका. तिथे मधली जहाजं आणि उपग्रह हेच आधार. खाडीत उलट अडचण: तोंडापासून आत वळलं की डोंगर आडवा येतो आणि चॅनेल १६ वर शांतता पसरते. तिथे मोबाइलच बरा.

डॅट म्हणजे इस्रोने तयार केलेलं संकट-संदेश यंत्र, २०१० पासून वापरात आहे. त्याचा संदेश उपग्रहावरून नियंत्रण केंद्राकडे आणि तिथून कोस्ट गार्डच्या शोध-बचाव केंद्राकडे जातो. आग, बुडणं, माणूस पाण्यात, वैद्यकीय मदत अशी वेगवेगळी बटणं असतात. दुसऱ्या पिढीच्या डॅटवर संदेश पोचल्याची पोचपावती परत येते, पहिल्या पिढीच्या डॅटवर ती सोय नव्हती. त्याला उघडं आभाळ लागतं. केबिनच्या कपाटात, डिझेलच्या डब्यामागे ठेवलेला डॅट आभाळ बघत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झालेल्या योजनेतला ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र) बोटीवर बसवला असेल तर त्यावरचं संकटाचं बटण कुठे आहे ते तांडेलाबरोबर खलाशांनाही दाखवून ठेवा.

उत्तर आलं नाही तर

माइक सोडून ऐका. काही नाही. मग घाईने चॅनेल बदलत सुटू नका, आधी आपलाच सेट तपासा. चॅनेल १६ आहे ना? 'हाय' आहे ना? स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) इतका वर तर नाही ना की बारीक उत्तर गिळलं जातंय? तो खाली आणा, खरखर सुरू झाली पाहिजे, मग ती थांबेल एवढाच वर न्या. आवाज वाढवा. सगळा मेडे पहिल्यापासून पुन्हा द्या.

बटण दाबल्यावर स्क्रीनचा उजेड मंद होतोय किंवा सेट बंद पडून पुन्हा सुरू होतोय? बॅटरी उतरलीय किंवा वायर-जोड गंजलाय. ऐकताना सेटला अर्धा अँपियरही लागत नाही, २५ वॉटवर बोलताना पाच-सहा लागतात. म्हणून 'ऐकू तर छान येतंय' याला काही अर्थ नाही. अशा वेळी १ वॉटवर उतरून बोला: कमी लांब जाईल, पण जाईल. पंप आणि दिवे दुसऱ्या बॅटरीवर टाकता आले तर टाका.

तरीही शांतता असेल तर अँटेना बघा. डोलकाठीवरून तुटून लोंबत असेल तर हातातला सेट घ्या, सुरक्षितपणे जाता येईल तितक्या उंच जागी उभे राहा, आणि त्याची अँटेना सरळ उभी धरा. आडवी धरली की निम्मं काम बिघडतं. चॅनेल १६ वर तीन-चारदा काहीच नाही, तर आपल्या भागातल्या बोटी ज्या चॅनेलवर गप्पा मारतात तिथे जाऊन मेडे द्या. नियमाच्या पुस्तकात हा पहिला पर्याय नसेल, पण माणसं जिथे ऐकतात तिथे बोलायचं. तिथे कुणी उत्तर दिलं की त्याला तुमचा मेडे १६ वर पुढे द्यायला सांगा.

उत्तर आल्यावर

'रिसीव्ह्ड मेडे' ऐकलं की एकाने वायरलेसजवळच थांबायचं, लाइफ जॅकेट घालून. बाकीच्यांनी पाणी उपसावं, आग विझवावी. कोस्ट गार्ड प्रश्न विचारेल: बोटीचा रंग, लांबी, वारा कुठला, कुणाला दुखापत आहे का. कधी 'एक ते दहा आकडे म्हणा' असं सांगतील. तो वेळकाढूपणा नाही. तुम्ही बोलत असता तेवढा वेळ त्यांचं यंत्र तुमच्या आवाजाची दिशा पकडतं. सावकाश, सलग म्हणा, बटण मध्ये सोडू नका.

बोट वाहत असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी नवी जागा सांगा. सकाळची जागा दुपारी उपयोगाची नसते.

हेलिकॉप्टर येणार असेल तर डेकवरचं जाळं, ताडपत्री, थर्माकोल, मोकळे दोर आत टाका किंवा बांधा. पंख्याचा वारा ते उडवतो आणि उडालेली ताडपत्री हेलिकॉप्टरच्याच पात्यांत जाऊ शकते. वरून सोडलेली तार आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, मगच हात लावा. हवेतून येताना तिच्यात वीज साठते आणि झटका बसतो. ती तार बोटीला कुठेही बांधायची नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. हेलिकॉप्टर डोक्यावर असताना रॉकेट उडवू नका. दिवसा नारिंगी धूर, रात्री हातातला लाल फ्लेअर, वाऱ्याखालच्या बाजूला कठड्याबाहेर धरून.

दुसऱ्याचा मेडे ऐकला तर

आधी गप्प. हातात असेल त्या कागदावर, नाहीतर डेकच्या फळीवर कोळशाने, नाव, जागा आणि वेळ लिहा. किनाऱ्याला उत्तर द्यायला थोडा वेळ द्या. 'सीलॉन्स मेडे' (मेडे चालू आहे, शांत राहा) ऐकू आलं तर त्या चॅनेलवर बचावाशी संबंध नसलेल्यांनी बोलायचं नाही, अगदी 'काय झालं रे' एवढंसुद्धा नाही. दहा जणांची काळजी एकदम चॅनेलवर आली की बुडणाऱ्याचा आवाज दबतो.

कुणीच उत्तर देत नसेल तर तुम्ही द्या: त्याचं नाव, 'धिस इज' आणि तुमचं नाव, 'रिसीव्ह्ड मेडे'. मग किनाऱ्याला कळवा: 'मेडे रिले' तीनदा, तुमचं नाव तीनदा, आणि त्याची माहिती त्याच्याच शब्दांत. इथे नुसतं 'मेडे' म्हटलं तर बुडताय ते तुम्ही असं समजून मदत तुमच्याकडे वळेल. आणि तुमच्या सेटवर डीएससीचा अलार्म वाजला तर सेटवरून डिजिटल पोचपावती पाठवू नका. ते काम किनाऱ्याचं आहे. तुम्ही पोचपावती दिलीत तर त्याच्या सेटचा संदेश पुन्हा पाठवणं थांबतं, आणि किनाऱ्याला तो कधी कळतच नाही.

मासेमारी बंदीच्या दिवसांतलं काम

१ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यावर ओढलेली असते. इंजिन, फळ्या, रंग सगळं होतं आणि वायरलेस गोणपाटाखाली झाकून ठेवला जातो. मेडे न पोचण्याची कारणं बरीचशी इथेच, जमिनीवर सापडतात.

अँटेनाचा प्लग उघडा. आत हिरवट गंज दिसला तर तो घासत बसू नका, कापून नवीन प्लग लावा. केबलच्या आतली तांब्याची जाळी काळी पडली असेल तर केबलच बदला: खारं पाणी केशवाहिनीसारखं आत चढतं आणि मीटरभर तरी वर जातं. बाहेरचा जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळा, साधी चिकटपट्टी उन्हात सुटते. मोठी, जास्त गेनची अँटेना म्हणजे चांगलीच असं नाही. ती आवाज आडव्या अरुंद पट्ट्यात फेकते, आणि बोट लाटांवर डुलली की तो पट्टा कधी आभाळात, कधी पाण्यात. अँटेना न जोडता बोलायचं बटण दाबून बघू नका, सेट जळू शकतो.

वीज: इंजिनची बॅटरी २४ व्होल्टची असेल आणि सेट १२ चा, तर मध्ये कन्व्हर्टर हवाच. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा जुगाड बरेच जण करतात. त्याने दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होतात आणि एक लवकर मरते. वायर जाड हवी, फ्यूज सेटच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याचाच, तो उडतो म्हणून तार गुंडाळायची नाही. आणि केबिनमध्ये, छताजवळ, ७ अँपियर-तासाची एक छोटी बंद बॅटरी फक्त वायरलेससाठी ठेवा. सगळा मिळून दहा मिनिटं बोललात तर १ अँपियर-तासाच्या आसपास खर्च, उरलेल्यावर काही तास ऐकता येतं. इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं तरी ही कोरडी राहते.

एमएमएसआय: भारताच्या बोटींचा ४१९ ने सुरू होतो. बऱ्याच सेटमध्ये तो एकदाच टाकता येतो, नंतर दुकानदाराकडेच जावं लागतं, म्हणून परवान्याचा कागद समोर ठेवून टाका. जुना सेट विकत घेतलात तर त्यात आधीच्या बोटीचा नंबर बसलेला असतो. तुम्ही बटण दाबाल आणि किनाऱ्यावर नाव उमटेल दुसऱ्याच बोटीचं, जी कदाचित बंदरात नांगरून पडलेली असेल. सेटला जीपीएसची वायर जोडलेली नसेल तर समुद्रात जागा हाताने भरावी लागते, निदान दर चार तासांनी. स्क्रीनवर जागा दिसतेय का हे बघायची सवय नांगर उचलतानाच लावा.

सेट चालतो का हे बघायला चॅनेल १६ अडवू नका. सोबत्याला आधी सांगून ७२ किंवा ७७ वर बोला, तेही तो चार-पाच मैल लांब असताना. शेजारच्या धक्क्यावरून तर तुटक्या अँटेनावरही आवाज पोचतो. लाल बटण 'चालतंय का' म्हणून कधीच दाबायचं नाही.

आणि कागद. वरचा मेडेचा मजकूर आपल्या बोटीचं नाव आणि नंबर घालून मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहा, प्लास्टिकमध्ये घाला, सेटच्या शेजारी स्क्रूने बसवा. जागेसाठी रिकामी जागा सोडा, दोरीला पेन्सिल बांधा: ओल्या हातात बॉलपेन चालत नाही. देवनागरी यासाठी की रत्नागिरी-मिरकरवाड्याच्या कितीतरी बोटींवर नेपाळी खलाशी असतात आणि नेपाळीची लिपीही तीच आहे. इंग्रजी न येणारा पोरगाही 'सेव्हन पर्सन्स ऑन बोर्ड' वाचू शकतो. तांडेल जाळ्यात अडकून पाण्यात गेला तर वायरलेसवर कोण बोलणार, हे ठरलेलं असू द्या. त्याच्याकडून बंदरात, माइक बंद ठेवून, दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या.

चुकून बटण दाबलं गेलं तर

सेट बंद करून गप्प बसणं हे सगळ्यात वाईट. तुमचा नंबर गेलेला असतो, शोध सुरू होतो आणि खरोखर बुडणाऱ्याची बोट तुमच्यामागे फिरते. मेनूतून पाठवणं रद्द करा, ती सोय नसेल तर सेट बंद करून लगेच चालू करा. चॅनेल १६, हाय पॉवर. 'ऑल स्टेशन्स' तीनदा, 'धिस इज' आणि नाव तीनदा, एमएमएसआय, जागा, 'प्लीज कॅन्सल माय डिस्ट्रेस अलर्ट ऑफ' आणि बटण दाबलं ती वेळ, चोवीस तासांच्या घड्याळात. मोबाइलला रेंज असेल तर १५५४ वरही सांगा. खरा मेडे दिल्यावर धोका टळला, तरी असंच सांगून तो मागे घ्यायचा. मग बटणावरचं झाकण बघा. स्प्रिंग सैल झाली असेल किंवा झाकण तुटलं असेल तर पुढच्या फेरीआधी बदला. तोवर त्या जागेवर टोपी किंवा टॉवेल अडकवू नका, बटण बहुतेक वेळा त्यानेच दाबलं जातं.